नाव नवे, आकडा तोच

सोयाबीनच्या पट्ट्यात पेरणीला दोन-तीन आठवडे झाले की कृषी सेवा केंद्रांवर एक मागणी हमखास ऐकू येते : ‘मागच्या साली नेलेल्या औषधानं गवत धड मेलं नाही, औंदा दुसरं द्या.’ दुकानदार दुसरा डबा काढून देतो. समजा, एखाद्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षी इमॅझेथापायर मारले, दुसऱ्या वर्षी इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्स यांचे तयार मिश्रण नेले आणि तिसऱ्या वर्षी क्लोरीम्युरॉन इथाइल. कंपन्या वेगळ्या, डबे वेगळे, भाव वेगळे, एकरी मात्राही वेगळी. शेतकऱ्याच्या हिशेबाने त्याने दर वर्षी औषध बदलले. तणाच्या हिशेबाने मात्र तिन्ही वर्षे एकच औषध पडले, कारण या तिन्ही तणनाशकांचा गट एकच आहे : गट २.

ही पुस्तिका या आकड्याविषयी आहे. तणनाशकाचे व्यापारी नाव कंपनी ठरवते, रासायनिक नाव रसायनशास्त्र ठरवते आणि गट क्रमांक ठरतो तो तणनाशक झाडाच्या आत नेमका कुठे घाव घालते यावरून. तणाचा संबंध फक्त या शेवटच्या गोष्टीशी येतो. म्हणून ज्याला आपल्या शेतात तणनाशके दीर्घकाळ चालावीत असे वाटते, त्याने नावांपेक्षा आकड्यांचा हिशेब ठेवावा, एवढेच या पुस्तिकेचे सांगणे आहे. हे सांगणे छोटे असले तरी त्यामागे सुमारे सत्तर वर्षांचा अनुभव आहे आणि तो बराचसा नुकसानीतून आलेला आहे.

तणनाशकाने तण मरेनासे झाल्याच्या पहिल्या नोंदी १९५७ सालच्या आहेत. एक कॅनडातील ओंटारिओमधल्या रानगाजराची, दुसरी हवाई बेटांवरच्या उसातली. हवाईतले ते तण आपल्या केन्याचे सख्खे भावंड होते आणि तणनाशक होते २,४-डी, जे आजही आपल्या ऊस-ज्वारीत वापरले जाते. त्या काळी या नोंदींकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका रोपवाटिकेत सिमॅझीनला दाद न देणारे तण सापडले आणि १९७० साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. सिमॅझीन हे आपल्या ओळखीच्या ॲट्राझीनच्याच घराण्यातले. तिथून शास्त्रज्ञ सावध झाले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात गव्हातल्या रायगवतावर डायक्लोफॉप चालेनासे झाले. त्याच वर्षी अमेरिकेत क्लोरसल्फ्युरॉन हे हेक्टरी काही ग्रॅममध्ये काम भागवणारे नवे तणनाशक बाजारात आले आणि पाचच वर्षांत, १९८७ मध्ये, आयडाहो राज्यात त्याला न जुमानणारे तण उभे राहिले.

गावात अशा वेळी ‘गवताला औषधाची सवय झाली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात एखाद्या रोपाला औषधाची सवय होत नसते. शेतात एकाच जातीची लाखो-कोटी रोपे उगवतात आणि त्यांत एखादे असे असते की जन्मतःच त्याच्यावर त्या घावाचा परिणाम होत नाही. तणनाशक कधीच मारले नाही तर ते रोप गर्दीत हरवून जाते. आपण फवारणी करतो तेव्हा आपण चाळणी लावतो : मरणारी रोपे बाजूला होतात, न मरणारे तेवढे राहते आणि त्याला सगळे शेत मोकळे मिळते. ते बी टाकते. पुढच्या वर्षी तीच चाळणी लावली की त्याच्या वंशाचा वाटा वाढतो. चार-पाच हंगाम कोणाच्या लक्षात येत नाही, कारण शंभरातली पाच रोपे उरली तर ती फवारणीतली चूक वाटते. लक्षात येते तेव्हा शेतातल्या मातीत त्या वंशाचे बी भरलेले असते. तणनाशकाने प्रतिकार निर्माण केलेला नसतो, फक्त निवड केलेली असते. ही निवड नावावर होत नाही, घावाच्या जागेवर होते. म्हणून तर गट क्रमांकाला महत्त्व.

या जागा फार नाहीत. बाजारात शेकडो नावे असली तरी आपल्या राज्यातल्या मुख्य पिकांपुरते बोलायचे तर डझनभर आकडे ओळखीचे झाले की पुरते.

गट १ ची तणनाशके गवतवर्गीय झाडात स्निग्ध पदार्थ तयार करणारे एन्झाइम बंद करतात. क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फ्लुझिफॉप, गव्हातले क्लोडिनाफॉप ही त्यांतली. रुंद पानांच्या तणांवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही, म्हणूनच ती सोयाबीन-कपाशीत मारता येतात. गट २ हा सर्वांत मोठा आणि सर्वांत धोक्याचा. झाडाला लागणारी तीन अमिनो आम्ले ज्या एका एन्झाइममुळे तयार होतात, तेच तो रोखतो. सोयाबीनमधले इमॅझेथापायर, डायक्लोसुलम आणि क्लोरीम्युरॉन, भातातले बिसपायरिबॅक, कपाशीतले पायरिथिओबॅक, उसात लव्हाळ्यासाठी मारतात ते हॅलोसल्फ्युरॉन, गव्हातली मेटसल्फ्युरॉन आणि सल्फोसल्फ्युरॉन, सगळी याच गटात बसतात. पिके पाच, आकडा एक. शिवाय या एन्झाइममध्ये एखादाच कण बदलला तरी तणनाशक तिथे चिकटत नाही आणि झाडाचे स्वतःचे काम मात्र चालू राहते. असे बदल एकाहून जास्त ठिकाणी होऊ शकतात. त्यामुळे जगात सर्वांत जास्त जातींच्या तणांनी ज्या गटाला निष्प्रभ केले तो हाच.

गट ३ मधले पेंडिमिथॅलिन उगवत्या अंकुराच्या पेशींची विभागणी थांबवते, म्हणून ते पेरणीनंतर लगेच, तण जमिनीच्या वर येण्याआधी मारावे लागते. गट ४ मध्ये २,४-डी. त्याने झाडाची वाढ बेताल होते, पाने-देठ पिळवटतात. गट ५ मधली ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन आणि डाययुरॉन पानातले प्रकाशसंश्लेषण अडवतात. ऊस उत्पादकाने हे मनात पक्के धरावे, कारण ॲट्राझीन सोडून मेट्रिब्युझिन घेतले म्हणजे आपण बदल केला असे त्याला वाटते आणि आकडा पाचाचा पाचच राहतो. गट ९ मध्ये ग्लायफोसेट, गट १० मध्ये ग्लुफोसिनेट, गट १४ मध्ये कांद्यातले ऑक्सिफ्लोरफेन आणि सोयाबीनमधले फोमेसाफेन, गट १५ मध्ये भातातली ब्युटाक्लोर आणि प्रेटिलाक्लोर, गट २२ मध्ये पॅराक्वाट, तर गट २७ मध्ये मक्यातली टेम्बोट्रायोन आणि टोप्रामेझोन. गट २७ चा घाव बसला की तण पांढरे पडते. हे एकदा पाहिलेला शेतकरी तो आकडा विसरत नाही.

हे आकडे कुठून आले तेही थोडक्यात सांगायला हवे. कंपन्यांच्या ‘एचआरएसी’ या जागतिक समितीने आधी रोमन अक्षरे वापरली होती. अमेरिकेतील तणविज्ञान संस्थेची आकड्यांची पद्धत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियाने आपली तिसरीच अक्षरे ठरवली होती. त्यामुळे ग्लायफोसेट एका देशात ‘एम’, दुसऱ्या यादीत ‘जी’ आणि तिसरीत ९ असा घोळ होता. २०२० मध्ये जागतिक यादीने अक्षरे सोडून आकडे स्वीकारले. अक्षरे संपत आली होती हे एक कारण आणि रोमन लिपी न वापरणाऱ्या देशांतल्या शेतकऱ्यालाही खूण वाचता यावी हे दुसरे. याच फेरबदलात डाययुरॉन आणि आयसोप्रोट्युरॉन यांचा जुना ७ क्रमांक जाऊन ती ५ मध्ये आली. जुनी पुस्तके हाताशी ठेवणाऱ्यांनी ही दुरुस्ती करून घ्यावी.

कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या डब्यांवर हा गट क्रमांक चौकटीत ठळक छापलेला दिसतो. आपल्याकडच्या डब्यावर तो सापडेलच असे नाही. सापडतो तो विषारीपणा सांगणारा त्रिकोण : लाल, पिवळा, निळा, हिरवा. त्या त्रिकोणाचा आणि गट क्रमांकाचा काही संबंध नाही. त्रिकोण माणसाला असलेला धोका सांगतो, आकडा तणावरचा घाव सांगतो. आकडा मोठा म्हणजे औषध जहाल किंवा लहान म्हणजे सौम्य असेही नाही. आणखी एक घोटाळा टाळावा : कीटकनाशके आणि बुरशीनाशके यांचेही स्वतंत्र गट क्रमांक असतात. इमिडाक्लोप्रिडचा गट ४ आणि २,४-डीचा गट ४ यांचे एकमेकांशी नाते नाही. डब्यावर आकडा नसेल तर व्यापारी नावाखाली, बहुधा बारीक अक्षरात, तांत्रिक नाव आणि त्याचे टक्के छापलेले असतात. ते नाव घेऊन या पुस्तिकेच्या शेवटच्या तक्त्यात पाहिले की आकडा मिळतो. मात्र आकडा मिळाला म्हणजे परवानगी मिळाली असे समजू नये. गट १४ मधले ऑक्सिफ्लोरफेन कांद्यात चालते म्हणून त्याच गटातले फोमेसाफेन कांद्यावर मारले तर कांदा जाईल. कोणते औषध कोणत्या पिकावर आणि किती, हे लेबलच सांगते. आकडा सांगतो तो फक्त क्रम.

हा क्रम चुकला की काय होते, हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. हरियाणा आणि पंजाबच्या भात-गहू पट्ट्यात गव्हासारखेच दिसणारे एक गवत आहे. तिथे त्याला मंडूसी किंवा गुल्ली डंडा म्हणतात आणि थट्टेने ‘गेहूँ का मामा’. लहान असताना ते गव्हापासून वेगळे ओळखणे जुन्या शेतकऱ्यालाही जड जाते, त्यामुळे निंदणी करून ते आवरत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन आले आणि स्वस्तात काम झाले. मग दर हिवाळ्यात, त्याच शेतात, त्याच पिकात तेच औषध पडत राहिले. भातामागे गहू आणि गव्हामागे भात हा फेरा चालू असल्याने तणालाही दर वर्षी तोच मुक्काम मिळाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला औषध चालेना. मात्रा वाढवली तरी चालेना. काही ठिकाणी तण इतके माजले की शेतकऱ्यांनी उभा गहू हिरवा असतानाच कापून जनावरांना घातला. हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक आणि समुंदर सिंह यांनी हा प्रतिकार असल्याचे दाखवून दिले आणि १९९५ मध्ये त्यांचा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. भारतातले हे पहिले मोठे प्रकरण.

पुढची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. १९९७-९८ च्या सुमारास तिथे क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन यांची शिफारस झाली. आकड्यांत सांगायचे तर ५ वरून १ आणि २ वर उडी. गहू पुन्हा उभा राहिला. पण शेतकऱ्यांनी नवे औषध जुन्यासारखेच वापरले : एक सापडले की तेच, जोवर चालेल तोवर. दहा वर्षे उलटायच्या आत या नव्या गटांनाही दाद न देणारी मंडूसी नोंदली गेली आणि नंतर एकाच वेळी दोन-तीन गटांना पुरून उरणारीही. पुढे गव्हातल्या रुंद पानांच्या जंगली पालकानेही मेटसल्फ्युरॉनला दाद देणे सोडले. आकडा बदलणे म्हणजे संकटातून एकदा बाहेर पडण्याची वाट नव्हे, तो दर वर्षीचा नेम असायला हवा, हा या कथेचा अर्थ.

अमेरिकेतली कथा प्रमाणाने मोठी आहे. ग्लायफोसेट १९७४ मध्ये बाजारात आले आणि पहिली वीस-बावीस वर्षे त्याला कोणतेच तण पुरून उरले नाही. तज्ज्ञांपैकी काहींना तर असे कधी होणारच नाही असे वाटू लागले होते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रायगवताने तो भ्रम मोडला. त्याच वर्षी अमेरिकेत ग्लायफोसेट सहन करणारे सोयाबीन आले, मागोमाग कापूस आणि मका. सोयाबीनवर ग्लायफोसेट, त्यानंतरच्या कापसावर ग्लायफोसेट, पेरणीआधीही ग्लायफोसेट. पीक बदलले तरी आकडा ९ च. २००५ च्या सुमारास जॉर्जियात पामर माठ उभा राहिला. हा आपल्या राजगिऱ्याचा आणि तांदुळज्याचाच नातलग, पण माणसापेक्षा उंच होणारा आणि एका मादी झाडापासून लाखो बिया देणारा. नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने प्रतिकाराचा गुण परागकणांसोबत वाऱ्यावर बांध ओलांडून जातो. ग्लायफोसेट ज्या एन्झाइमवर घाव घालते, त्याच्या जनुकाच्या प्रती या झाडाने वाढवून घेतल्या होत्या, कुठे पाचपट तर कुठे शंभरपटीहून जास्त. तणनाशक आपले काम करीत होते, पण जागा इतक्या झाल्या की ते पुरे पडेना. यंत्रांवर चालणाऱ्या त्या शेतीत जॉर्जियाच्या बहुसंख्य कापूस उत्पादकांना मजूर लावून हाताने निंदणी करावी लागली.

हे वाचून विदर्भातल्या कापूस उत्पादकाला काही आठवले पाहिजे. भारतात ग्लायफोसेटला परवानगी आहे ती चहाच्या मळ्यात आणि बिनपिकाच्या जागी. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला मंजुरी नाही. तरी असे बियाणे शिवारात आहे हे उघड गुपित आहे, आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात ते जाहीरपणे पेरून आंदोलनही झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित केला. या वादात कोणाची बाजू घ्यावी हा या पुस्तिकेचा विषय नाही. पण बियाणे चोरून येते तेव्हा त्याच्यासोबत गटांच्या फेरपालटीची शिफारस येत नाही. जॉर्जियाची चूक कायदेशीर वाटेने झाली. आपल्याकडे तीच चूक बिनकागदी वाटेने होत असेल तर ती कळायलाही उशीर लागेल.

आता तयार मिश्रणांविषयी, कारण सध्या बाजाराचा ओढा तिकडे आहे. दोन गट एकत्र मारले की एकाला चकवणारे रोप दुसऱ्याने मरते, हे तत्त्व बरोबर आहे. पण त्याला एक अट आहे : दोन्ही गट त्याच तणाला मारणारे हवेत आणि दोन्हींची मात्रा पुरी हवी. इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्स यांच्या मिश्रणात नावे दोन असून आकडा एकच, २. ते मिश्रण फेरपालट म्हणून मोजताच येत नाही. प्रोपाक्विझाफॉप आणि इमॅझेथापायर यांच्या मिश्रणात १ आणि २ आहेत. गवतावर दोन्ही घाव बसतात, पण कुंजरू किंवा माठावर प्रोपाक्विझाफॉपचा परिणाम नसल्याने तिथे एकटा २ च लढतो. फ्लुझिफॉप आणि फोमेसाफेन यांच्या मिश्रणात १ आणि १४. इथे गवत १ कडे, रुंद पाने १४ कडे. डब्यावर दोन आकडे, पण कोणत्याही एका तणावर एकच. मिश्रणाने एका फवारणीत दोन प्रकारची तणे निघतात, हा फायदा खराच आहे. तो प्रतिकार रोखण्याचा फायदा आहे असे मात्र समजू नये. म्हणून आकड्यापुढे तणाचे नाव लिहायची सवय लावावी. या पुस्तिकेतल्या नोंदवहीच्या नमुन्यात त्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे.

नोंदवहीचा दुसराही उपयोग आहे. काही तणनाशकांचा अंश जमिनीत पुढच्या हंगामापर्यंत टिकतो. गव्हात मारलेल्या सल्फोसल्फ्युरॉनमागून त्याच रानात ज्वारी किंवा मका घेतला तर तो पिवळा पडू शकतो. मागे काय पडले ते लिहिलेले असले की अशा वेळी बियाण्याला दोष दिला जात नाही.

आता आकड्याची मर्यादा. हरियाणातल्या मंडूसीने आयसोप्रोट्युरॉनवर मात केली ती घावाची जागा बदलून नव्हे. ते औषध पोटात गेल्यावर मोडून टाकणारी तिची यंत्रणाच जोरदार होती. अशी यंत्रणा गट क्रमांक पाहत नाही. ती ज्या रसायनांना मोडू शकते ती वेगळ्या गटांतली असू शकतात, अगदी त्या शेतात कधीच न मारलेली. अशा प्रतिकारापुढे आकड्यांची फेरपालट एकटी पुरत नाही. त्यात कमी मात्रा म्हणजे अशा रोपांना हातभारच. अर्ध्या मात्रेत अर्धवट पचवणारी रोपे वाचतात आणि त्यांचा आपसात संकर होऊन पुढची पिढी जास्त पचवणारी निघते. शिफारशीपेक्षा कमी मारून वाचवलेले पैसे पुढे दामदुपटीने जातात.

म्हणून पुस्तिकेचा जवळजवळ निम्मा भाग ज्यांना आकडा नाही अशा उपायांना दिला आहे. वेळेवरची कोळपणी आणि डवरणी, पेरणीआधी पाणी देऊन किंवा पहिल्या पावसावर तण उगवू देऊन मग वखराची पाळी, उसात पाचटाचे आच्छादन, दोन ओळी लवकर झाकतील असे अंतर, चाळलेले बियाणे, बांध आणि पाट स्वच्छ ठेवणे, खरिपातले पीक बदलणे. हरियाणात नांगरट न करता गहू पेरायला लागल्यावर मंडूसी कमी उगवते असे दिसून आले, कारण वर येऊन रुजायला तिचे बी हललेच नाही. ऑस्ट्रेलियात रे हॅरिंग्टन या शेतकऱ्याने कापणीच्या वेळीच तणाचे बी चिरडणारे यंत्र बनवले. दोन्हींत तत्त्व एकच : लढाई झाडाशी आहे तशीच बियाशीही आहे. आपल्याकडे पंजाबकडून येणारी कापणी यंत्रे एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना झाडून घेतली तरी बरेच काम होईल.

यावर लगेच येणारी हरकत रास्त आहे. निंदायला माणसे कुठे आहेत? खुरपणीचे काम आजवर बायांनी केले, उन्हात, कमरेत वाकून, पुरुषांपेक्षा कमी रोजात. ज्यांना शक्य झाले त्यांनी ते सोडले आणि त्यांना कोणी दोष देऊ नये. तणनाशकाने ती जागा भरली. पण नेमक्या याच कारणाने तणनाशके टिकवायला हवीत. ती निकामी झाली तर मागे फिरून ज्या मजुरीवर टेकायचे ती आता त्या भावाला आणि त्या संख्येने मिळणार नाही. नव्या गटांचीही वाट पाहून भागणार नाही. गेल्या तीन-चार दशकांत घावाची खरोखर नवी जागा असलेली तणनाशके बोटांवर मोजण्याइतकीच आली. भातासाठीचे टेटफ्लुपायरोलिमेट, गट २८, हे त्यांतले अगदी अलीकडचे.

तण मेले नाही म्हणजे प्रतिकारच, असेही नाही. गढूळ पाण्यात कालवलेले ग्लायफोसेट किंवा पॅराक्वाट मातीच्या कणांना चिकटून वाया जाते. कोरड्या जमिनीवर मारलेले पेंडिमिथॅलिन काम करीत नाही. दोन-चार पानांवर असताना मरणारे तण वीतभर झाल्यावर मरत नाही. चुकीचा नोझल, घाईची चाल, फवारणीनंतर लगेच आलेली सर, ही नेहमीची कारणे आधी तपासावीत. आपला केना तर ग्लायफोसेटला मुळातच फारसा जुमानत नाही. तो त्याचा जातीचा गुण आहे, प्रतिकार नव्हे. संशय घ्यावा तो अशा वेळी : बाकीची तणे मेली आणि एकच जात उभी राहिली, त्या जातीचीही मेलेली आणि तरारलेली रोपे शेजारी शेजारी दिसली, आणि गेल्या वर्षीचा हातभर ठिपका यंदा खाटेएवढा झाला. अशी रोपे बी धरायच्या आत उपटून शेताबाहेर काढावीत आणि कृषी विज्ञान केंद्राला कळवावे. तणांवर संशोधन करणारी देशाची मुख्य संस्था जबलपूरला आहे, तिथपर्यंत असे नमुने पोहोचले तरच आपल्या शिवारांचा नकाशा तयार होईल.

पुस्तिकेची रचना पिकांप्रमाणे आहे : सोयाबीन, कपाशी, ऊस, भात, गहू-हरभरा, मका-ज्वारी, कांदा. प्रत्येक प्रकरणात त्या पिकासाठी मान्य असलेली तणनाशके गटवार दिली असून तीन वर्षांच्या फेरपालटीचे नमुने मांडले आहेत. सोयाबीनचा एक नमुना इथेच सांगतो : एका वर्षी पेरणीनंतर पेंडिमिथॅलिन, गट ३, आणि लागलेच तर उगवणीनंतर १ व १४ चे मिश्रण, दुसऱ्या वर्षी आधी सल्फेन्ट्राझोन आणि क्लोमॅझोन, म्हणजे १४ व १३, नंतर डवरणी, तिसऱ्या वर्षी रान मक्याला, गट ५ आणि २७. गट २ पूर्ण सोडा असे कोणी म्हणत नाही. तो तीन-चार वर्षांतून एकदा आणि जोडीला दुसरा घाव असताना वापरा, म्हणजे पुढेही हाताशी राहील. दुकानदारांसाठी तक्ता वेगळा काढून भिंतीवर लावता येईल असा छापला आहे. शेतकऱ्याला बहुतेक सल्ला काउंटरवरच मिळतो, आणि ‘दुसरं द्या’ म्हणणाऱ्याला ‘मागचं कोणत्या गटाचं होतं?’ असे विचारणारा दुकानदार एखाद्या शिबिरापेक्षा जास्त काम करील.

कोणत्या वाचकासाठी हे लिहिले आहे, ते शेवटी स्पष्ट करायला हवे. ज्यांच्या रानात औषध चालेनासे झाले आहे, त्यांना यात वाट सापडेल, पण ती खर्चाची आणि लांबची असेल. गेलेला गट परत मिळवणे फार अवघड असते, कारण मातीत पडलेले बी वर्षानुवर्षे उगवत राहते. या आकड्यांचा खरा उपयोग त्या शेतकऱ्याला आहे, ज्याचे सगळे अजून ठीक चालले आहे, जो दर वर्षी तेच औषध नेतो आणि ज्याला बदल करायला काही कारण दिसत नाही. त्याच्या हातात अजून सगळे गट शाबूत आहेत. त्याने पहिले प्रकरण वाचावे, यंदाच्या खरेदीआधीच वाचावे, आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यालाही वाचायला द्यावे, कारण बी आणि पराग सातबारा पाहून थांबत नाहीत.